पाऊण किलोमीटरचा झोळ

समुद्र त्या जागी दीड किलोमीटर खोल होता आणि तिथे टांगायची पोलादी नळी सव्वादोन किलोमीटर लांब होती. दोन्ही आकडे तपासून घेतलेले होते आणि दोन्ही बरोबर होते. पुढे जे काही घडलं ते सगळं या बरोबर असलेल्या आकड्यांमुळेच घडलं.

तळाशी तेलाची विहीर, वर पाण्यावर तरंगणारा प्लॅटफॉर्म आणि तळापासून वरपर्यंत तेल आणणारी ही नळी. या धंद्यात तिला रायझर म्हणतात. महामंडळात ती आखण्याचं काम एकाच बाईंकडे असल्यामुळे त्यांना सगळे रायझरबाई म्हणत. बाई मोजकं बोलत. आकड्यापुढे एकक लिहिलेलं नसेल तर तो कागद त्या वाचतसुद्धा नसत. मात्र या नळीत त्यांचा जीव जरा जास्तच गुंतला होता. प्लॅटफॉर्मवर जिथे ती टांगली जाणार, नेमक्या त्याच डेकवर त्यांचा धाकटा भाऊ झडपा सांभाळायला होता.

मंजुरीच्या बैठकीत बाईंनी आराखडा पडद्यावर लावला. नळी प्लॅटफॉर्मपासून खाली निघाली होती, हळूहळू वळत समुद्रतळाला टेकली होती आणि मग तळावर पसरून विहिरीपर्यंत गेली होती. दोन खांबांना बांधलेल्या दोरीला असतो तसा छान झोळ होता.

हिशेबप्रमुखांनी चष्मा वर केला.

"बाई, ही वाकडी का?"

"वाकडी नाही, सर. झोळ आहे. प्लॅटफॉर्म तरंगतो, लाटांबरोबर हलतो. नळीला ढील नसेल तर तुटेल."

"दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा. आम्हाला शाळेत शिकवलं होतं. तुमच्या वेळी अभ्यासक्रम बदलला होता का?"

बाईंनी शांतपणे टेबलावरचा फोन उचलला. तो चार्जिंगला लावलेला होता. "साहेब, ही वायर भिंतीपासून फोनपर्यंत अगदी मोजून ताणलेली असेल आणि तुम्ही फोन उचललात, तर काय होईल?"

अध्यक्षस्थानी बसलेले महामंडळाचे मुख्य साहेब विचारात पडले. मग म्हणाले, "मी चार्जिंगला लावलेला फोन उचलत नाही. शिस्त म्हणजे शिस्त."

"पण समुद्र उचलतो ना, साहेब!"

"मग समुद्राला नको, प्लॅटफॉर्मला सांगू. प्लॅटफॉर्म आपला आहे."

त्याच आठवड्यात परिपत्रक निघालं. 'असे निदर्शनास आले आहे की, तरंगता प्लॅटफॉर्म कामाच्या वेळेत तसेच कामाच्या वेळेव्यतिरिक्तही विनापरवानगी हालचाल करतो. ही बाब गंभीर आहे. यापुढे मंजूर मर्यादेबाहेरील हालचाल करण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्यांची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी.'

धाकट्याने प्लॅटफॉर्मवरून फोन केला. "ताई, तुमचं फर्मान पोचलं. आम्ही ते समुद्राच्या बाजूच्या कठड्यावर चिकटवलंय. म्हटलं, ज्याने वाचायचं त्याला नीट दिसू दे."

"मग? वाचलं का त्याने?"

"पहिल्याच लाटेत घेऊन गेला. पोच काही दिली नाही."

बाईंना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "अरे, हे लोक खरंच सरळ नळी लावतील."

"लावा म्हणावं. तुटली तर मी आहेच खाली धरायला."

बाईंना मार्ग दाखवला तो पुढच्याच बैठकीने, आणि तोही चुकून. नळीभोवती वेलासारखी वळत जाणारी एक पट्टी गुंडाळावी लागते. समुद्रातले प्रवाह नळीशेजारून जाताना भोवरे सोडतात आणि त्या भोवऱ्यांनी नळी थरथरते. पट्टीमुळे भोवरे विस्कटतात आणि थरथर थांबते. बाईंनी हे आलेखांसह समजावलं. समितीने आलेखांसह नाकारलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका सदस्याने चित्राकडे बघत म्हटलं, "दिसते मात्र झकास. आपल्याकडे सुशोभीकरणाची तरतूद पडून आहे, ती या वर्षी वापरली नाही तर परत जाईल."

पट्टी एका मिनिटात मंजूर झाली. वर मुख्य साहेबांनी रंग निवडला. दीड किलोमीटर खोल काळोखात तो कुणाला दिसणार, असा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण सुशोभीकरणात असे प्रश्न विचारत नाहीत.

बाई जागेवर येऊन बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आकडेमोड सोडून विचार केला. इथे गरजेची वस्तू गरज म्हणून मागितली तर मिळत नव्हती. तिला दुसऱ्या कुठल्या तरी नावाने हाक मारावी लागत होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं आई म्हणायची. बाई उठल्या आणि भांडारात गेल्या.

भांडारप्रमुखांच्या कमरेला इतक्या किल्ल्या असत की सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. काका चालायला लागले की आधी आवाज यायचा, मग काका.

"काका, नियमाप्रमाणे प्रत्येक नळीबरोबर राखीव नळी ठेवावी लागते ना?"

"ठेवायलाच लागते. नाही ठेवली तर माझी मान जाते."

"मग या रायझरची राखीव नळी कुठे ठेवणार?"

काकांनी गोदामाकडे पाहिलं. आत जुन्या खुर्च्या, नव्या खुर्च्या आणि जुन्या गेल्यापासून नव्या येईपर्यंत वापरायच्या खुर्च्या खच्चून भरल्या होत्या. "जागाच नाही हो. प्लॅटफॉर्मवर?"

"तिथेही नाही. एक सुचवू? राखीव नळी मूळ नळीलाच जोडून ठेवू. पाण्यात. चोरीला जायची भीती नाही, गोदाम लागत नाही."

काकांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "आणि कुलूप?"

"दोन्ही टोकांना वेल्ड करू."

"बाई, इतकी वर्षं या खात्यात आहे, पण साठवणुकीचा असा विचार कुणी केला नव्हता!"

अशा रीतीने दीड किलोमीटरची सरळ नळी आणि पाऊण किलोमीटरचा राखीव साठा, असे दोन वेगवेगळे प्रस्ताव दोन वेगवेगळ्या दिवशी मंजूर झाले. हिशेबप्रमुखांनी बाईंचं खास अभिनंदन केलं. शेवटी सरळ मार्गावर आलात, म्हणाले.

नळी टांगायला मोठं जहाज आलं. त्याच्या उंच मनोऱ्यात नळीचा तुकडा उभा धरायचा, खालच्या तुकड्याला वेल्ड करायचा, जोड तपासायचा, मग सगळी माळ थोडी खाली सोडायची आणि पुढचा तुकडा घ्यायचा, असं काम अखंड चालू होतं. बाई जहाजावर उभ्या राहून प्रत्येक जोडाचं चित्र बघत होत्या. एका जोडात केसाएवढी फट दिसली, तर त्यांनी तो कापून पुन्हा करायला लावला. वेल्डर कुरकुरला, "बाई, एवढं तर कुणी लेकीचं स्थळही बघत नाही."

"स्थळ बदलता येतं," बाई म्हणाल्या. "हा जोड पाण्यात गेला की गेला."

शेवटी नळीचं वरचं टोक दोरखंडाने ओढून प्लॅटफॉर्मखाली नेलं आणि तिथल्या मोठ्या खोबणीत बसवलं. धाकट्याने वरून दोन्ही हात हलवले. प्लॅटफॉर्म एका बाजूला सरकला, नळीचा झोळ थोडा सैल झाला. प्लॅटफॉर्म परत आला, झोळ परत आला. बाई बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. कागदावर नळी सरळ होती आणि समुद्रात शहाणी होती.

पुढची काही वर्षं काहीही घडलं नाही. चांगल्या नळीचं लक्षणच ते. पण काहीही न घडणं ही गोष्ट लेखापरीक्षणाच्या नजरेतून फार काळ सुटत नाही.

लेखापरीक्षकांनी साठ्यांची पाहणी केली आणि लाल शेरा मारला. 'राखीव नळी, पाऊण किलोमीटर. खरेदीपासून एकदाही वापरलेली नाही. साठा विनाकारण अडकून पडला आहे. काढून घेऊन विल्हेवाट लावावी.'

हा शेरा कागदावरच राहिला असता. शेरे राहतातच. पण तो एका जागरूक नागरिकाच्या हाती लागला. नागरिकाने त्यावरून चार ओळींचा संदेश बनवला आणि सगळीकडे पाठवला: 'पाणी दीड. नळी सव्वादोन. पाऊण कुणी खाल्ली? जागे व्हा आणि पुढे पाठवा.'

संदेश वाऱ्यासारखा पसरला. बाईंना तो दिवसभरात अनेकांकडून आला. संध्याकाळी घरच्या ग्रुपवर आला, तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव बघून त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या.

"आई, हे तू पाठवलंस?"

आई भाजी चिरत होती. "हो. का गं? सगळे पाठवत होते. बघ की, दिवसाढवळ्या कशी लूट चाललीये!"

"आई, ती माझी नळी आहे."

"तुझी?" आईचा विळीवरचा हात थांबला. "मग तू एवढी जास्तीची कशाला घेतलीस?"

"जास्तीची नाही. ती नसेल तर उरलेली तुटेल. आणि तुटेल तेव्हा तुझा लेक तिच्या शेजारी उभा असेल."

आईने विळी बाजूला सारली. मग हळूच म्हणाली, "आता कसं परत घेऊ? काकूने, मावशीने, सगळ्यांनी पुढे पाठवलाय. काकू तर म्हणाली, आपल्या ताईसारखी शिकलेली माणसं असली कामं करत नाहीत."

जनतेचा रेटा आल्यावर महामंडळाची झोप उडाली. चौकशी समिती बसली. बाईंनी ठरवलं, आता सगळं खरं सांगून टाकायचं. त्यांनी सांगितलं की हा साठा नाहीच, हा नळीचा झोळ आहे. तो रोज, प्रत्येक लाटेला वापरात असतो. हलणं हेच त्याचं काम आहे.

समितीने शांतपणे ऐकून घेतलं. मग हिशेबप्रमुख म्हणाले, "म्हणजे पाहा. हा राखीव साठा असेल, तर न वापरल्याबद्दल काढून घ्यावा लागेल. आणि नसेल, तर मंजुरी नसताना लावल्याबद्दल काढून घ्यावा लागेल. तुम्हीच ठरवा, कुठल्या कारणाने काढू?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाईंनी मुख्य साहेबांकडे पाहिलं. "साहेब, नळी तुटेल."

"बाई, आतापर्यंत कधी तुटली आहे का?"

"नाही, कारण..."

"झालं तर. तिचा इतिहास स्वच्छ आहे. उगाच तिच्यावर संशय घेऊ नका."

जहाज पुन्हा आलं. विहीर बंद केली, नळी वर घेतली, पाऊण किलोमीटर कापली, प्लॅटफॉर्म विहिरीच्या थेट माथ्यावर ओढून आणला आणि उरलेली नळी सरळ, ताठ, शिस्तीत टांगली. कापलेले तुकडे भंगारात गेले. वर्तमानपत्रांत जागरूक नागरिकाचा फोटो आला. तेल पुन्हा सुरू झालं. समुद्र त्या दिवसांत गुळगुळीत होता, त्यामुळे हिशेबप्रमुखांचं भौतिकशास्त्र बरोबर ठरलं.

धाकट्याचा फोन आला. "ताई, तुझी नळी हल्ली गाते."

"गाते म्हणजे?"

"ताणलेल्या तारेसारखा एक बारीक सूर. जरा वारा सुटला की चढतो. साहेबांना कळवलं, तर सुशोभीकरणवाल्यांचं पत्र आलं. सूर ध्वनिमुद्रित करून पाठवा, प्रतीक्षागृहात लावता येईल."

"तू रजा टाक आणि ये इकडे."

"टाकली होती. कारण विचारलं. मी लिहिलं, जिवाला धोका. परत आली. म्हणे, नोंदीत असा कुठलाही धोका नाही."

बाईंनी फोन ठेवला आणि हवामानाचे नकाशे उघडले. फार दूरवर, जिथे कुणाचंच लक्ष नव्हतं, एक वादळ उठलं होतं. वादळ तिथेच विरणार होतं, पण त्याच्या लाटा निघाल्या होत्या. अशा लांबच्या लाटा भोळ्या दिसतात. वरून पाहिलं तर समुद्र नुसता श्वास घेतोय असं वाटतं. पण त्या प्लॅटफॉर्मला उचलतात, आणि त्यांचा वेग ठाऊक असला की त्या कधी पोचणार हे काढता येतं. बाईंनी ते काढलं. मग पुन्हा काढलं. शुक्रवारी दुपारी.

इशारा द्यायला त्या साहेबांकडे निघाल्या आणि दारातच थांबल्या. इशारा दिला तर समिती नेमली जाईल. गरजेची गोष्ट गरज म्हणून मागायची नाही, हे त्या आता विसरणार नव्हत्या.

"साहेब," आत जाऊन त्या म्हणाल्या, "पाऊण किलोमीटर पोलाद वाचवलं, त्याचा गौरव समारंभ नको का करायला?"

साहेब खुर्चीत सरळ झाले. "बाई, तुम्ही हे म्हणावं! मला वाटलं, तुम्ही मनाला लावून घेतलंय."

"छे. श्रेय ज्यांचं त्यांना मिळायलाच हवं. प्लॅटफॉर्मवरचे सगळे कर्मचारी मंचावर हवेत. एकही सुटता कामा नये. फोटोत खुर्ची रिकामी दिसली तर बरं दिसत नाही."

"पण सगळे आले तर तेल?"

"नियम आहे साहेब, माणूस नसेल तर विहिरीच्या झडपा बंद. अर्ध्या दिवसाचा प्रश्न. त्या जागरूक नागरिकांनाही बोलवू. शुक्रवारी दुपारी?"

"शुक्रवारच का?"

"शनिवारी वर्तमानपत्रांना पुरवणी असते. रंगीत."

रजेला जो धोका पुरला नाही, त्याचं काम रंगीत पुरवणीने केलं. हजेरी सक्तीची झाली. शुक्रवारी सकाळी झडपा घट्ट बंद करून प्लॅटफॉर्मवरची सगळी माणसं इस्त्रीच्या कपड्यांत किनाऱ्यावर उतरली. सभागृह खचाखच भरलं. धाकटा मंचावर तिसऱ्या रांगेत प्रमाणपत्र घेऊन उभा होता आणि बहिणीकडे बघून भुवया उडवत होता. पहिल्या रांगेत आई होती, तिच्या शेजारी काकू. बाई मागे, घड्याळाखाली.

साहेबांचं भाषण रंगात आलं होतं. "काटकसर म्हणजे काय, हे आपण समुद्राला शिकवलं..." एवढ्यात एक कारकून वाकत वाकत मंचावर आला आणि त्यांच्या कानाला लागला. साहेबांचा आवाज मध्येच तुटला. दूरवरच्या कॅमेऱ्यात प्लॅटफॉर्म एकदाच, आळस दिल्यासारखा उचलला गेला होता. नळीचं वरचं टोक खोबणीसकट सुटून आलं होतं आणि सुटताना तिने झडपांच्या डेकची पूर्ण बाजू उचकटून पाण्यात नेली होती. विहीर बंद होती, तेल सांडलं नव्हतं. डेकवर कुणी नव्हतं.

साहेबांनी बाईंना खुणेने पुढे बोलावलं. माईक चालूच होता.

"बाई, आता काय करायचं?"

"नवी नळी, साहेब."

"किती लांबीची?"

बाईंनी एकदा भावाकडे पाहिलं. प्रमाणपत्राच्या गुंडाळीने तो कान खाजवत होता. आज पहिल्यांदाच त्या जरा मोठ्याने बोलल्या. "सव्वादोन किलोमीटर."

मग दुसऱ्या रांगेतून जागरूक नागरिक उठले. त्यांचा आवाज स्वच्छ, धीट आणि कळकळीचा होता. "पण पाणी तर दीडच किलोमीटर आहे ना?"

काकूने टाळी वाजवली. मग सगळं सभागृह उठलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मंचावरच्या माणसांनीही सवयीने वाजवल्या. आईचेही हात एकमेकांजवळ आले होते; तेवढ्यात तिची नजर मंचावरच्या लेकाकडे गेली आणि हात तसेच हवेत राहिले.

तुम्ही त्या सभागृहात नव्हता, हे मान्य. तो संदेशही तुम्ही पुढे पाठवला नसेल. पण या गोष्टीच्या पहिल्याच वाक्यात दोन आकडे होते आणि ते वाचताना तुम्ही मनातल्या मनात वजाबाकी केली होती.

उत्तर अगदी बरोबर होतं. जहाजाने तेवढीच नळी कापली.